बर्फातली बैलगाडी

आमच्या वरवंडच्या घरात बर्फ आला तो एसटीनं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत फिटर होते आणि रोज जाऊन-येऊन करायचे. तिथल्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन निघाले होते. सामान कमी करायचं म्हणून ज्याला जे पाहिजे ते त्यांनी नेऊ दिलं. कुणी कुंड्या नेल्या, कुणी वेताची खुर्ची. आप्पा पोचले तोवर भिंतीवर फक्त एक चित्र उरलं होतं. इतरांच्या घरी खुर्च्या गेल्या आणि आपण हात हलवत आलो हे आईला कळलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते उचललं. कंडक्टर म्हणाला, एवढ्या मोठ्या चौकटीचं लगेज पडेल. आप्पांनी चित्र मांडीवर घेतलं आणि मांडीवरच्या लेकराला कुठं तिकीट असतं, असा वाद घातला. पाटस येईपर्यंत सगळी गाडी त्या वादात उतरली होती. लगेज पडलं की नाही हे आप्पांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणजे पडलं असणार.

चित्र छापीलच होतं, पण साधं कॅलेंडरासारखं नव्हे. जाड कागद, रंगाचे फटकारे उठून दिसावेत अशी छपाई, वर काच आणि भोवती सोनेरी चौकट. परदेशातलं कुठलंसं खेडं होतं, थंडीतलं. सगळीकडे बर्फ. मध्ये तांबड्या भिंतींचं एक घर, त्याच्या धुराड्यातून निघालेला धूर, पानं झडलेली काळी झाडं, आणि पुढं एक घोडा, बिनचाकाची गाडी ओढणारा. घराच्या मागून एक वाट वळून टेकाडाआड जायची. खालच्या कोपऱ्यात कुणाची तरी सही होती, पण ती अशी गिचमिड की कुणाचीही म्हणून खपावी. या सहीनं पुढं मोठं काम केलं.

आईला ते चित्र पहिल्या दिवसापासून पटलं नाही. "माणूस न्हाई का काणूस न्हाई, झाडं समदी वाळल्याली. आन् एवढ्या मोठ्या घराच्या दारात साधी तुळस न्हाई," असं म्हणून तिनं ते बाहेरच्या खोलीत लोखंडी पेटीच्या वर टांगायला लावलं, म्हणजे स्वयंपाक करताना तिच्या डोळ्यांपुढं येणार नाही. आप्पांचं मात्र त्याच्याशी जमलं. उन्हाळ्यात ड्यूटीवरून आले की शर्ट काढायचा, त्या चित्राखाली बसायचं, बाजरीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा घ्यायचा आणि पहिला घास झाला की म्हणायचं, "गार वाटतंय." बाहेर हायवेवरून ट्रक जायचे, शेजारच्या गिरणीचा पुकपुक आवाज चालू असायचा, आणि त्या आवाजानं चित्राची काच बारीक थरथरायची. चौकटीच्या मागं एक पाल राहायची. ती कधी कधी काचेवरून त्या बर्फात फिरायला निघायची, तेव्हा आम्ही दोघी बहिणी, मी आणि शोभा, ती घराच्या छपरावर कधी चढते याची वाट बघत बसायचो.

मी त्या चित्राकडे बघून बघून वाढले. बारावी झाली, पुढं काय हे ठरत नव्हतं, आणि घरची कामं सोडली तर हातात दुसरं काही नव्हतं. शिवणाच्या क्लासला घातलं तर मी मशीनच्या सुया मोडल्या. विणकामाला घातलं तर लोकरीचा असा गुंता केला की बाईंनी तो मला तसाच घरी पाठवला. दुपारी झाकपाक झाली की पेटीवर बसून मी त्या तांबड्या घरात कोण राहतं, ते काय खातात, धूर एवढा निघतोय म्हणजे चुलीवर नक्की काय आहे, हे ठरवत बसायची. घरातल्या बाईचं नावसुद्धा मी ठेवलं होतं. आई म्हणायची, या पोरीचं लक्ष कुठं असतं ते देवाला माहीत. माझं लक्ष घोड्यावर असायचं.

आता त्या काळची आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. मुलगी बघायला पाहुणे यायचे तेव्हा बाहेरच्या खोलीत मुलीच्या हातच्या वस्तू मांडून ठेवायच्या. मण्यांचं तोरण, कापडावर भरलेला पोपट, काचेच्या पेटीतला कापसाचा राजहंस. पोह्यांच्या बशा फिरल्या की घरातल्या एखाद्या बाईनं सहज बोलल्यासारखं म्हणायचं, हे सगळं आमच्या मुलीनंच केलंय. पाहुण्यांनी माना डोलवायच्या. आमच्या आळीत खरा राजहंस एकच होता. तो कुणी केला होता हे कुणालाही आठवत नव्हतं, पण जिला बघायला यायचे तिच्या घरी तो आदल्या दिवशी पोचायचा. त्या राजहंसानं आळीतल्या कितीतरी मुली उजवल्या. एका पाहुण्यांनी तो एकाच वर्षात दोन घरांत बघितला आणि तरीही काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या घरचं मण्यांचं तोरणही बहुधा असंच आलेलं असावं.

मला बघायला शिरूरहून पाहुणे यायचे ठरले, आणि नेमका त्याच दिवशी राजहंस भांडगावला गेलेला. आळीतल्या एका मुलीला तिच्या मामाच्या घरी दाखवायचं होतं, तिच्यासोबत तो गेला. आईचा जीव खालीवर झाला. माझ्या हातचं म्हणून दाखवायला घरात काहीही नव्हतं. खुटबावहून केसरमावशी आली होती. ही आईची थोरली बहीण, अंगानं दांडगी, आणि बोलायला लागली की समोरच्यानं ऐकायचंच. तिनं आईला सांगितलं, तू पोहे बघ, बाकीचं मी बघते.

शिरूरकर आले. मुलाचे वडील, ज्यांना मी पुढं मामंजी म्हणू लागले. मुलाची आई, म्हणजे आत्याबाई, कारण आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मुलाची चुलती पारुबाई, जिची नजर घरातल्या भांड्यांवरून फिरून छताच्या वाशांपर्यंत गेली. आणि मुलगा विलास. तो शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर होता. मी पोहे दिले, पाटावर बसले, नाव-गाव-शिक्षण सांगून झालं. मग पारुबाईंनी तो प्रश्न विचारला, मुलीच्या हातचं काही आहे का. आईनं पदर नीट केला. केसरमावशीनं एक क्षणही घेतला नाही. हात लांब करून पेटीच्या वर बोट दाखवलं आणि म्हणाली, "त्ये काय. आमच्या मंगलनं काढलंय. खाली सही हाय बघा तिची."

आप्पा पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सगळे पाहुणे उठून चित्रापाशी गेले, आणि राजहंसाला जो मान कधी मिळाला नव्हता तो त्या चित्राला मिळाला. मामंजी शेतकरी माणूस. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, हे एवढं पांढरं काय आहे. मावशी म्हणाली, धुकं. मी न राहवून म्हणाले, बर्फ. त्यावर मामंजींनी विचारलं, मग त्या रानात पीक काय घेतात. मी म्हणाले, थंडीत काही घेत नाहीत, रान तसंच पडून राहतं. "म्हंजी शेणखत उन्हाळ्यात टाकत्यात," असं स्वतःशीच ठरवून ते समाधानानं खाली बसले. आत्याबाई मात्र चित्राकडं आणि मग माझ्या हातांकडं बघत होत्या. मी हात पदराखाली घेतले.

मुलाला काही विचारायचं असेल तर विचार, असं मामंजी म्हणाले. याआधी मला बघून गेलेल्यांनी विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, इंग्लिश वाचता येतं का. विलासनं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एकदम सरळ चेहऱ्यानं विचारलं, "घराच्या मागनं ती वाट जाते, ती कुठं जाते?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि याचं उत्तर माझ्याजवळ कितीतरी वर्षं तयार होतं. "गिरणीला," मी म्हणाले.

"कशावरनं?"

"घरात बाई दिसत न्हाई. दळण घेऊन गेली आसंल."

तो हसला. दात दाखवून नाही, डोळ्यांनी. त्या क्षणी मला हा माणूस पाहिजे असं वाटलं, इतकं स्पष्ट की माझी मलाच लाज वाटली. आजही सांगताना वाटते, पण या वयात लाजेला कोण विचारतं. पोह्यातला शेंगदाणा तोंडात धरून तो हसत होता आणि मी मनात म्हणत होते, देवा, एवढं जमू दे.

जमलं. होकार आला, पण तो एकटा आला नाही. मामंजींनी निरोप धाडला होता की लग्नाच्या भिंतीला पेंटर बोलवू नका, मुलगी एवढी चित्रकार आहे तर ते बर्फाचं चित्र तीच भिंतीवर काढू दे, आमचं वऱ्हाड बघेल. लग्न मुलीच्या दारात व्हायचं. लग्नघराची रस्त्याकडची भिंत रंगवायची, तिच्यावर सोंड वर केलेले हत्ती, भालदार-चोपदार आणि मध्ये नवरा-नवरीची नावं, ही आमच्याकडची पद्धत. नेहमी भांडगावचा पेंटर येऊन काढून जायचा. आता ती भिंत माझ्यावर आली. आई रडायलाच बसली. तिचं म्हणणं, आत्ताच खरं सांगून मोकळं व्हावं. आप्पांचं म्हणणं, सांगितलं तर सोयरीक मोडेल, आणि मोडली तर आळीत कारण काय सांगायचं. केसरमावशी म्हणाली, एक भिंत ती काय, शेणानं सारवतोच की आपण. मला एकच दिसत होतं. भिंत जमली नाही तर वऱ्हाडापुढं सगळं उघडं पडणार, आणि तो हसणारा माणूस मला परत दिसणार नाही.

आप्पा गुपचूप भांडगावच्या पेंटरकडं जाऊन आले. त्याला चित्राची हकीकत सांगितली. तो म्हणाला, बर्फ काढतो, पण हत्तीशिवाय माझा हात चालत नाही, दोन्ही बाजूंना दोन हत्ती घालू द्या. बर्फात हत्ती. आप्पा परत आले ते न जेवताच झोपले.

दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना दिला, कारण चित्र निघो न निघो, लग्नघराला चुना हवाच. आम्ही चुन्यात चिमूटभर नीळ घालतो, त्यानं पांढरा जास्त पांढरा दिसतो. भिंत वाळली, आणि मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि मला हसू फुटलं. समोर सगळीकडे बर्फ पडला होता. अर्धं चित्र तर आप्पांनी कुंच्यानं आधीच काढून ठेवलं होतं. भिंतीवर काढायला त्याच्याएवढं सोपं चित्र जगात दुसरं नसेल, हे मला तेव्हा कळलं. काढायचं थोडं आणि सोडायचं जास्त. मी आत जाऊन पेटीवर चढले आणि चित्र जवळून बघितलं. बर्फावर झाडांच्या ज्या सावल्या होत्या त्या काळ्या नव्हत्या, निळसर होत्या. आमच्या निळीच्या पुडीचा तोच रंग.

मग मी आणि शोभा कामाला लागलो. घरासाठी तांबडी काव भिजवली. झाडांसाठी रॉकेलच्या चिमणीची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटली. ब्रश म्हणून आप्पांचा दाढीचा ब्रश घेतला, त्यामुळं लग्न होईपर्यंत त्यांना सलूनमध्ये जाऊन दाढी करावी लागली. धूर काढायला ओल्या फडक्यावर राख घेऊन ते भिंतीवर फिरवलं. येणारी-जाणारी माणसं थांबायची आणि सूचना करायची. कुणी म्हणे झाडांना पानं घाला, लग्नघर आहे. कुणी म्हणे घरावर डिश अँटेना दाखवा. हे सगळं मला इतकं आवडायला लागलं की हा माझा गळा सोडवायचा उपाय आहे हेही मी विसरले. आई जेवायला हाका मारून थकायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही मोडत नव्हतं.

अडलं ते घोड्यावर. घोडा मी जवळून कधी बघितलेलाच नव्हता, वरातीतला सोडून, आणि वरातीत कुणी घोड्याचे पाय बघत नाही. पहिल्यांदा काढला तो शेळीसारखा झाला. पुसून काढला तो खाटेसारखा झाला. शेवटी मी चुना फिरवून तो मिटवला आणि जे मला डोळे मिटून येत होतं ते काढलं. बैलांची जोडी. वशिंडं, वळणदार शिंगं, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. मागं आमच्या आप्पांच्या चुलत्यांची असायची तशी चाकांची बैलगाडी. ती बर्फातून तांबड्या घराकडं निघाली होती. वर नवरा-नवरीची नावं घातली आणि शोभानं हट्टानं कोपऱ्यात माझी सही करायला लावली. ती मी मुद्दाम गिचमिड केली.

लग्न मे महिन्यातलं. वऱ्हाडाचा टेम्पो आला तेव्हा ऊन असं होतं की मांडवातल्या लोखंडी खुर्च्यांवर बसवेना. उतरलेली माणसं घामानं चिंब, आणि समोर तो बर्फ. म्हाताऱ्या बायका भिंतीला पाठ लावून बसल्या आणि एक जण खरोखर म्हणाली, हितं गार वाटतंय. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मला मुंडावळ्यांच्या आडून हसू आवरेना. केसरमावशी तर वऱ्हाडातल्या बायकांना टोळीटोळीनं फिरवत होती. आधी बाहेरची भिंत दाखवायची, मग आत नेऊन काचेतलं "आधी काढलेलं". मामंजींनी बैल निरखून बघितले आणि डावा बैल जास्त ओढतोय असं मत दिलं. आत्याबाई भिंतीसमोर भर उन्हात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदरानं घाम पुसून मांडवात गेल्या.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जाताना नवरीबरोबर माहेरची एक मुलगी पाठराखीण म्हणून जाते. माझ्याबरोबर शोभा आली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शिरूरच्या त्या घरात बायका जमल्या आणि आहेराची पाकिटं फोडायला घेतली. स्टीलचे डबे, सरबताचे ग्लास, आणि घड्याळं इतकी की प्रत्येक खोलीत वेगळी वेळ लावता आली असती. पारुबाई एकेक वस्तू उचलून कुणाकडची ते मोठ्यानं सांगत होत्या. मग एक चपटं, रुंद पाकीट आलं. कंपनीतल्या मित्रांनी मिळून दिलेलं. पारुबाईंनी कागद फाडला. आधी सोनेरी चौकट दिसली. मग तांबडं घर, धूर, काळी झाडं, घोडा, आणि घराच्या मागून जाणारी ती वाट.

शोभानं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा डाग पाचपरतावणीला माहेरी जाईपर्यंत राहिला. छापील चित्राच्या प्रती निघतात, ते दुकानात मिळतं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दौंडच्या साहेबाच्या भिंतीवर होतं ते एकच, असं आम्ही धरून चाललो होतो. पारुबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाल्या, "आगं बया. ह्ये तर नव्या नवरीनं काढल्यालं. मग ह्ये दुकानात कसं?" सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, झालं, आता आप्पांना बोलावणं जाणार, आणि या घरात मी जन्मभर खोटारड्यांची पोर म्हणून राहणार. हातावरची मेंदी अजून ओली वाटत होती.

आत्याबाई उठल्या. त्यांनी पारुबाईंच्या हातातून चित्र घेतलं, दाराशी उजेडात नेऊन वरपासून खालपर्यंत बघितलं. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "घ्या. आता लोकं चित्रं बी चोराया लागली." आणि चित्र भिंतीला टेकवून पुढचा डबा फोडायला घेतला. एका बाईनं लगेच री ओढली, कलियुगच आहे म्हणून. दुसरीनं तिच्या भाच्याची सायकल कशी चोरीला गेली ते सांगायला सुरुवात केली. पारुबाई म्हणाल्या, निदान पोरीचं नाव तरी घालायचं. मी खाली मान घालून बसले होते, आणि दाराबाहेर कुणीतरी हसू दाबत खोकत होतं.

ते आमचे हेच होते. दुपारी मागच्या अंगणात मी एकटी सापडले तेव्हा त्यांनी सांगितलं की कंपनीतल्या साहेबांच्या केबिनमध्ये हेच चित्र आहे, कामाला लागल्यापासून ते बघतायत, मित्रांनीही तेच बघून दुकानातून तसंच आणलं असणार. मी चिडले. म्हणाले, मग बघायला आलात तेव्हाच का बोलला नाहीत. ते म्हणाले, "बोललो आसतो तर तू गिरणी सांगितली आसतीस का?"

आत्याबाईंनी ते चित्र बाहेरच्या खोलीत लावलं. पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, आमच्या सूनबाईचं आहे. एकदा आत्याबाईंचे गुडघे दाखवायला दौंडला गेलो, तर डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत तेच चित्र. त्यांनी कंपाउंडरला बोलावून माझी ओळख करून दिली. त्यानं उठून मला खुर्ची दिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि त्या पाय लांब करून निवांत बसल्या होत्या. त्यांनी हे खरंच धरलंय की काय, याचा मला कधी पत्ता लागला नाही. भोळ्या म्हणाव्या तर बाजारात त्यांना कुणी फसवल्याचं आठवत नाही. आमच्या वरवंडच्या भिंतीवर आप्पांनी मात्र नंतर चुना दिला नाही. दर दिवाळीला बाकीचं घर रंगायचं आणि तेवढी भिंत राहायची, बैल फिके होत होत शेवटी नुसती शिंगं उरेपर्यंत.

मग एका दुपारी, घरात मी आणि आत्याबाई दोघीच होतो, तूर निवडत बसलेल्या. शोभाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यावरून भिंतीचा विषय निघाला, आणि मी धीर करून विचारलं. म्हणाले, आत्याबाई, आहेर फोडले त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटलं का हो, की ते चित्र मी काढलंय.

त्यांनी सुपातून नजर काढली नाही. "तुज्या भिंतीवर बैल व्हते," त्या म्हणाल्या. "काचंत घोडं हाय. मला काय दिसत न्हवतं व्हय?"

"मग तवा चारचौघीत बोलला का न्हाई?"

"बोलले की. चोरलं म्हनलं." त्यांनी एक खडा वेचून उंबऱ्याबाहेर टाकला. "कुनी चोरलं, ते कुठं सांगितलं?"